पटक्यातला कांदा

या उन्हात चहा कसला मागता? ताक घ्या आन् ऐका. निजामाचं राज्य होतं तवा. माझे बैल सरकारी कुरणात शिरले, म्हणून जिंतूरच्या कचेरीतून बोलावणं आलं. वैशाखातलं ऊन. आई म्हणली, "पोटभर ताक पी आन् पटक्यात कांदा ठेव, म्हंजी ऊन बाधत न्हाई." ठेवला.

कचेरीत तहसीलदारापुढं वाकून सलाम केला, आन् कांदा निसटून थेट त्यांच्या मेजावर! मला वाटलं, बैलांचं ऱ्हायलं बाजूला, आता आपुनच कोंडवाड्यात.

तहसीलदारानं कांदा उचलून फिरवून बघितला. "ये क्या है?"

"हुजूर, ऊन लागू नये म्हणून..."

"वो मालूम है. पर लाल कायकू? लाल खाने का. लू के वास्ते सफेद होना!"

असं म्हणून त्यांनी आपली रुमी टोपी काढली. आत पांढराशुभ्र कांदा!

"बैलां बांध के रखो," एवढंच बोलून त्यांनी माझं प्रकरण मिटवलं. माझा लाल कांदा जेवताना खायला ठेवून घेतला, आन् मी डोक्यावर सरकारी कांदा घेऊन गावाकडं आलो.