दोनशे बारा भाच्यांचा आहेर

अहो राघवेंद्रसर, तुम्ही कराची कामं बघता, म्हणून सिद्धारूढ स्वामींच्या मठाकडं तोंड करून सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे — मठ मागच्या बाजूला आला होय? इरली, असू दे, पाठ करून सांगतो. एखादा शब्द इकडंतिकडं होईल, तेवढा सोडा. तर हे जे दोनशे बारा वेळा बायकोच्या खात्यात पैसे आलेत, आणि प्रत्येकासमोर 'आहेर' लिहिलंय, तो आहेरच आहे. विक्री नव्हे! आमची सविता खणाच्या कुंच्या शिवते, दुपटी शिवते, फोनवर फोटो टाकते, कुणी मागितला की बाळंतविडा बांधून पाठवते. आता बाळंतविडा कधी कुणी विकतं का? देतात! दिला की समोरचा आहेर करतो. यात कर कुठनं शिरला?

हसू नका. कुणी केला आहेर म्हणता? भाच्यांनी. माझ्या. सगळ्या माझ्याच. झाल्या एका वर्षात दोनशे बारा बाळंत, मग? आमचे आजोबा अळणावरला लाकडाचा व्यापार करायचे, रेल्वेच्या दर ठेसनावर त्यांचं एकेक लग्न — इंजिन पाणी भरायला थांबायचं ना, तेवढ्यात अक्षता. गोतावळा वाढणारच. — काय? त्यातली एक भाची फर्नांडिस आहे? ती गोव्याच्या लाइनीवरची. आणि हे काय नवीन, मामा-मामीनं भाचीला दिलं तर माफ, भाचीनं मामीला दिलं तर धरणार? वा रे कायदा! म्हणजे मामानं नुसतं देतच राहायचं, हे दिल्लीतसुद्धा ठरलेलं आहे तर.

बरं, नोटीस आली कशावरून? तर ऑनलाइन माल परराज्यात गेला. एक कुंची जरी राज्याबाहेर गेली तरी जीएसटीचा नंबर घ्या म्हणे. कुठलं हो परराज्य? गडहिंग्लज? ते सविताचं माहेर आहे! सकाळी इथं उपीट खाऊन निघालं की दुपारचं जेवण तिथं. माहेर परराज्य कधीपासून झालं? मी नाही मानत. नाही घेत नंबर, जा. दंड होऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे, दत्तात्रय कुणापुढं —

काय? अर्ज भरून ठेवलाय? तिनं? कधी? — मंगळवारी. मला म्हणाली, भाजी आणायला जाते. बघा, याला म्हणतात घरचा आहेर! आणि फक्त माझं संमतीपत्र राहिलंय, दाजीबानपेठेतलं दुकान माझ्या नावावर म्हणून. मी सही नाही केली तर नंबर नाही, आणि नंबर नाही तर तिचं काम बंद, ठाऊक आहे मला. रोज सांगते ती. पण नंबर आला की दारावर पाटी लावावी लागते ना — मालक, सौ. सविता! माझ्या अप्पांच्या दुकानावर! तीस वर्षं गादीवर बसतोय मी, धो धो चालतंय दुकान, तिचं मशीन आपलं मागं कोपऱ्यात, आणि उद्या पेठेतली माणसं म्हणणार, दत्तात्रय काय करतो? तर बायकोच्या पाटीखाली बसतो. म्हणून तर गिऱ्हाइकांना मीच कळवायचो, पैसे पाठवताना 'आहेर' लिहा — गिऱ्हाइकांना म्हणजे भाच्यांना हो. सविताला कुठं ठाऊक होतं? तिला वाटलं, माणसं प्रेमानं लिहितात.

— बाहेर बाकावर कोण बसलंय ते? कधीपासून? ऐकू जातं का तिथं?

द्या पेन इकडं. कुठं? इथं, आणि इथं. झाली. कराला भिऊन केली नाही, हे लिहून घ्या. आणि त्या भाच्या राहू देत सर, कुणाच्या ना कुणाच्या आहेतच त्या. दुकान धो धो चालतं म्हणालो ना, ती थाप होती. दोन वर्षं झाली, घर कुंच्यांवर चालतंय. — बघत काय बसलात? शिक्का मारा, आणि मालकिणीला आत बोलवा. मी निघतो.