कोर्दोबाला निघालेल्या दोघी

नेदरलँड्समधल्या हार्लेमहून विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर मराठी ऐकू आलं. सासू-सुना होत्या.

"आई, दगदग होईल असं वाटत असेल तर अजूनही परत फिरू."

"फिरायचं कशाला? सुबोधने तिकिटं काढली होती ना?"

"त्याने आमच्या दोघांची काढली होती. तो गेल्यावर रद्द केली. ही मी नव्याने काढली."

"कोर्दोबात काय बघायचं होतं त्याला?"

"तिथली जुनी मशीद. आत शेकडो खांब आहेत, आणि मधोमध चर्च. दिवसभर तिथेच बसेन म्हणायचा."

"आणि खायला?"

"तळलेले वांग्याचे काप, वर मध घालून देतात. तुम्हालाही चालतील."

"वांगं? माझ्या हातचं कधी खाल्लं नाही त्याने."

"इथे खायला लागला होता. तुम्हाला सांगू नकोस म्हणायचा, वाईट वाटेल म्हणून."



"वैदेही, तो गेला तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं, तुझ्या नोकरीपायी तो त्या देशात गेला, नाहीतर जगला असता."

"राहू द्या ना, आई."

"राहू कसं देऊ? ते चुकलं माझं. एवढं तुझ्यासमोर बोलायलाच मी पुण्याहून आले. स्पेन बघायला नाही."

मागे पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

"रडू नकोस गं. लोक बघतायत."

"बघू देत. दीड वर्ष वाट बघितली मी, आई."