पिंजऱ्यातले डास आणि बांबूच्या खुंटातले डास

सुशीलाबाई, देवाजीभाऊंचे आप्त, वैनगंगेपलीकडून आलेले ग्रामस्थ आणि प्रयोगशाळेतील सहकारी,

या शोकसभेसाठी मी भाषण लिहून आणले होते. ते बाजूला ठेवते. त्यातली वाक्ये निर्दोष होती. मुख्य गोष्ट मात्र त्यात नव्हती.

देवाजीभाऊ आमचे कीटक समाहारक. डास पकडून आणणे हे त्यांचे काम. मी कुणाची सहज स्तुती करत नाही, हे इथल्या अनेकांनी सोसले आहे. पण त्यांच्या नळीतून आलेल्या डासाचा एक पायही तुटलेला नसे. हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

ग्रामस्थहो, प्रत्येक डास प्रत्येक विषाणू वाहत नाही. एखाद्याच्या पोटातच विषाणू संपतो. एखाद्यात तो लाळेपर्यंत पोहोचतो, आणि मग त्याचा चावा आजार देतो. घरच्या टाक्यांत वाढणारा एडिस डास चिकनगुनिया वाहतो, हे ठाऊक होते. प्रश्न होता तोडलेल्या बांबूच्या खुंटात साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या त्याच्या जंगली भावकीचा.

उन्हाळ्यात खुंट कोरडे पडले. जंगली अळ्या मिळेनात. अहवालाची मुदत संपत आली. मी काय केले? बाहेरच्या प्रयोगशाळेतून त्याच प्रजातीचे डास मागवले. कित्येक पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. देवाजीभाऊंना सांगितले, चिठ्ठीवर पकडल्याचे ठिकाण ‘चंद्रपूर’ लिहा.

पेन्सिल हातात धरून ते उभे राहिले. “काऊन लिहू, मॅडम? मी आनले नाई यायले. यायनं जंगल पाह्यलंच नाई.”

मी म्हणाले, “भाऊ, प्रजाती एकच आहे.”

“मानसाची बी एकच हाय ना? मंग सिरोंच्याचं तिखट तुमाले काऊन सोसत नाई?”

सगळे हसले. मी हसले नाही. त्यांच्या हातून पेन्सिल घेतली आणि ‘चंद्रपूर’ मीच लिहिले.

चाचणीत त्या डासांना विषाणू मिसळलेले रक्त पाजले; त्यांच्या पोटातच तो संपला. जंगली डासाचा धोका नगण्य, असा अहवाल मी दिला. फवारणीच्या यादीतून तुमच्या गावाचे नाव गळले. ग्रामस्थहो, ते माझ्या सहीने गळले.

पावसाळ्यात तुमच्याकडे ताप आला. सांधे धरले. बायकांना घागर उचलवेना. देवाजीभाऊ तुमच्या गावाबाहेरच्या खुंटांतून बाटल्या भरून अळ्या घेऊन आले. परवानगी कुणाची, असे मी विचारले. ते म्हणाले, “मी रजेवर हावो, मॅडम. सरकारी काम नाई करून राह्यलो.”

मी म्हणाले, टेबल रिकामे नाही. टेबल रिकामे होते का? होते. रिकामे नव्हते ते माझे मन. त्यांनी त्या अळ्या स्वतः वाढवल्या, डास केले, आणि रोज विचारत राहिले. “मॅडम, आज?” रोज तेवढेच. शेवटी त्यांना टाळायला कारण उरले नाही, म्हणून मी चाचणी लावली.

सोमवारी त्यांचे हृदय थांबले. निकाल परवा आला. तुमच्या खुंटांतल्या डासांच्या लाळेपर्यंत विषाणू पोहोचला होता.

मला सुचवण्यात आले आहे की ही एकच चाचणी आहे, शोकसभा ही ती सांगायची जागा नव्हे. चाचणी पुन्हा करावीच लागेल. तो आग्रह माझाही आहे. पण चुकीची सही आणखी एक दिवस तशीच ठेवण्याचे शास्त्रीय कारण मला सापडले नाही. आज सकाळी मी अहवाल लेखी मागे घेतला.

यादी अजून बदललेली नाही. ती कधी बदलेल, मला माहीत नाही. तोवर थांबू नका. खुंटांतले पाणी काढा, त्यांत माती भरा. हा डास दिवसा चावतो; रानात जाताना अंग झाकून जा. उद्या सकाळी मी तुमच्या गावात येते आहे. तुम्हाला मला जे सुनवायचे असेल ते तिथे, माझ्या तोंडावर सुनवा.

सुशीलाबाई, तुमच्या घरच्या माणसाला मला एक उत्तर द्यायचे होते. ते आता तुमच्यासमोर देते.

देवाजीभाऊ, तुमचे बरोबर होते. माझे चुकले.

आपण सारे उभे राहू या. काही क्षण कुणी काहीच बोलू नये; सर्वांत आधी मी.

जयभीम, भाऊ.