मशीनला हळदीकुंकू

तुम्हाला सांगते, चांगलं करायला गेले अन् शेजारच्या शीतलची नोकरी माझ्या हातून जाता जाता राहिली.

पोरीनं नांदेडच्या कॉलेजात सहा महिने थ्रीडी प्रिंटरचं काम शिकून घेतलं. ते मशीन प्लास्टिक वितळवून काचेवर थरावर थर देतं अन् वस्तू तयार करतं. त्या दिवशी कॉलेजात एका शेती अवजारांच्या कंपनीचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर पेरणीयंत्राची चकती बनवून दाखवली की नोकरी. तिची आई शेतात अडकलेली, म्हणून सोबत मी गेले. बोलावलं कुणी नव्हतं.

शीतल साहेबांना घ्यायला दारापर्यंत गेली. एवढी मोठी परीक्षा अन् मशीन कोरंच! मी पर्समधल्या पुड्या काढल्या, काचेवर हळदीकुंकवाची बोटं लावली अन् हात जोडले.

शीतलनं साहेबांशी बोलता बोलताच मशीन सुरू केलं. पण पहिला थर काचेला चिकटेचना. प्लास्टिकचा नुसता शेवयांसारखा गुंता! साहेब घड्याळ बघायला लागले.

शीतल सरळ माझ्याकडं वळली. "काकू, काय केलंत?"

"काही न्हाई गं. फक्त पूजा."

तिनं मशीन थांबवलं, काच स्पिरिटनं पुसली अन् पुन्हा सुरू केलं. चकती अशी झाली की साहेबांनी तिथंच नोकरी पक्की केली. मग हळूच विचारलं, "मशीन न तपासता आधी यांनाच कसं विचारलं?"

"सर, मशीनची ओळख सहा महिन्यांची हाय," शीतल म्हणली, "काकूंची लहानपणापासूनची."