रेतीची गरम पोटली

हसू नका, आमच्या बुढीचं सांगून राह्यलो. कमरेखाली तिले काईच समजत नाई. दवाखान्यात होती तवा माही बहीण अनसिंगहून आली अन् तापवलेल्या रेतीची पोटली थेट तिच्या पायाकडं नेली. आमच्या इकडं पाय गेले का शेकतातच. मीच म्हटलं, "शेक!"

बुढी वरडली, "थांबा, ननंदबाई! पाय भाजतीन अन् मले पत्ताबी लागनार नाई. शेकाचंच असंन तं या बुढ्याची कंबर शेका, त्याले बोंबलता येते!"

बहीण पोटली घेऊन रागानं माह्याकडं वळली.

तवापासून नर्सबाई लकव्याच्या पेशंटचे पाहुणे आले का म्हने, "शेकाच्या पयले त्या आजीले इचारा."

बुढी घरी आली, पायावर एक फोड नाई. माह्या कमरेवर हाय, दाखवू का?