शेंगदाण्याच्या पुड्यावरची बाई

जबाब
दि. ११/०१/२०२५, रात्री ११.४० वा.

शांतव्वा मल्लाप्पा नेर्ली, वय ६३ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा मसाला शेंगदाणे भाजणे, रा. उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा शिवमूर्ती, सून व नात सौंदर्या यांच्यासह राहते. गेली बावीस वर्षे मी घरी लसूण-मिरचीचे शेंगदाणे भाजते. माल शिवमूर्ती शहरातल्या बारना पोचवतो. आम्ही लिंगायत, घरात दारू सोडाच, अंडेसुद्धा येत नाही. दाणे कुठे जातात ते मला माहीत होते, पण ती जागा कधी बघितली नव्हती. "अव्वा, तितं बायका जात न्हाईत," असे शिवमूर्ती म्हणायचा.

आमच्या वरच्या खोलीत अनुजा नावाची मुलगी भाड्याने राहते. दर शनिवारी ती फक्त बायकांना घेऊन शहरातले तीन बार दाखवते. कुठला जुना, कुठे काय चांगले मिळते, सगळे सांगते. आज मीच तिला म्हणाले, "मलाबी ने की." ती नको म्हणत होती, शिवमूर्तीदादा रागावतील म्हणाली. मी ऐकले नाही. घरी सांगितले नाही, फोनही नेला नाही. कुणी कुणाला फूस लावली असेल तर मी तिला लावली.

सायंकाळी ७.३० वा. निघालो. एकूण सात बायका. पहिला बार जुना, लाकडी खुर्च्यांचा. दुसरा आठव्या मजल्यावर, उघड्या गच्चीवर. तिथे मी खुर्चीत बसायचे विसरले. बाटल्यांच्या मागे दिवे लावलेले, लाल, पिवळे, हिरवे. गौरीची आरास बघावी तशी मी बघत राहिले. एका पोराने पेल्यातल्या दारूवर जाळ काढला आणि त्याचा हात भाजला नाही. माझ्याएवढी एक बाई खो-खो हसत होती, एकानेही मान वळवून बघितले नाही. खाली रंकाळ्याभोवतीचे दिवे दिसत होते. अगं बाई, बावीस वर्षं मी कढईपुढं बसले, पण हे गाव एवढं मोठं हाय ते मला कुणी सांगितलं न्हाई. मॅडम, मी बोलते तसेच लिहा, सुधारू नका.

आणि प्रत्येक टेबलावर माझे दाणे. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. आमच्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी दाणा तोंडात टाकला, बोलता बोलता थांबल्या आणि अख्खी वाटी स्वतःकडे ओढली. मला रडू आले. तेही लिहा.

९.५० वा. तिसऱ्या बारमध्ये गेलो. तिथला वेटर गुंडू याने नवा पुडा आणला, आधी कपाळाला लावला, मग फोडायला घेतला. मी कारण विचारले. तो म्हणाला, "आज्जी, ह्या माउली गेल्या, पन हाताची चव ठिवून गेल्या. आमी पाया पडल्याबिगर पुडा फोडत न्हाई." घरी मी दाणे पिंपात भरून देते, पुडे शिवमूर्ती बाहेर भरतो. म्हणून पुडा मी पहिल्यांदाच बघितला. त्यावर माझा फोटो, फोटोला हार आणि खाली छापलेले, "कै. शांतव्वा यांच्या हातची चव."

मी पुडा तोंडाशेजारी धरला. गुंडूने एकदा पुड्याकडे बघितले, एकदा माझ्याकडे, "आयला" म्हणाला आणि खालीच बसला. मग आतला आचारी आला, भांडी घासणारे आले, ओळीने पाया पडले. एवढा मान मला मठातसुद्धा कधी मिळाला नव्हता.

रात्री १० वा. शिवमूर्तीने आई हरवली म्हणून या ठाण्यात रडत खबर दिली. मेलेली छापली त्यानेच. बारवाल्याने फोन केल्यावर १०.४० वा. तो पोलिसांसोबत तिथे आला. अनुजाने मला फसवून नेले व दारू पाजली असे मी सांगावे, म्हणजे तिच्यावर गुन्हा दाखल होईल व तिची फेरी बंद पडेल, असे त्याचे म्हणणे आहे. मी दारू प्यालेली नाही. मीठ घालून लिंबू सरबत प्याले. दारूचा नुसता वास घेतला. वासालाही परवाना लागत असेल तर गुन्हा माझ्यावर घाला, पोरीवर नाही.

पुड्याचे काय, असे मी त्याला इथेच मॅडमसमोर विचारले. तो म्हणाला, "अव्वा, मानसं तुला भेटायला घर विचारत होती. आई बारसाठी दाणं भाजती म्हटल्यावर सौंदर्याचं लगीन कसं जमायचं? गेली म्हटल्यावर कोन विचारत न्हाई." मला त्याचे कळले. पोटचा आहे. बाहेर बाकावर उपाशी बसला आहे.

अनुजाविरुद्ध माझी तक्रार नाही. शिवमूर्तीविरुद्धही नाही. फोटो राहू दे, हार आणि "कै." काढ, एवढेच मी त्याला सांगितले. तो म्हणाला, दोन हजार पुडे छापून पडलेत, तेवढे संपू देत. मी त्याला सांगितले आहे आणि इथेही सांगते, पुडे संपेतोवर मी मेलेली राहणार नाही. सोमवारपासून माल घेऊन मी स्वतः बारमध्ये जाणार.

हा जबाब मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी भाषा सुधारली होती, ती परत माझी करून घेतली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे खरा आहे. अंगठा नको, सही येते.

(सही) शांतव्वा मल्लाप्पा नेर्ली