मकबऱ्यातला तेलाचा पंजा

मी, इफ्फत नियाज अहमद, वय ३६ वर्षे, धंदा जुन्या इमारतींच्या दगडाची दुरुस्ती, रा. अकोट, जि. अकोला, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

अंजनगाव सुर्जीजवळच्या जुन्या मकबऱ्यातील संगमरवरी कबरीचे काम दिवाळीपासून माझ्याकडे आहे. तेथे नवस बोलताना तेलाचा हात दगडावर उमटवण्याची रीत आहे. हिंदू-मुसलमान सगळेच उमटवतात. दगड आता वरून साखरेसारखा कण कण सुटत चालला आहे. त्याला धरून ठेवायला चुन्याची निवळी पाजावी लागते, आणि तेल असेल तिथे ती मुरत नाही. म्हणून तेल काढणे भाग होते.

दारात फुले विकणाऱ्या सत्यभामाबाई मला म्हणाल्या, "बाई, बाकीचं समदं पुसा. हा एक पंजा राहू द्या. माह्या योगेशचा हाय." त्या पंज्याला करंगळी अर्धीच होती. योगेश त्यांचा मुलगा. तो मागच्या साली कपाशीवरच्या औषधफवारणीच्या दिवसांत वारला. त्याची नोंद याच ठाण्यात आहे, त्यामुळे मी जास्त सांगत नाही.

मी नाही म्हणाले. मला वाईट वाटले, पण दगड माझ्या भरवशावर आहे. तेल विरघळवणारा द्रव कालवून मुलतानी मातीचा लेप त्यावर थापला. लेप वाळता वाळता दगडातले तेल स्वतःत ओढून घेतो, हे बाईंना मीच सांगितले होते. तसे लिहून घ्यावे.

काल सकाळी वाळलेला लेप जागेवर नव्हता. चौकीदार देवराव यांनी चोरीची तक्रार दिली व बाईंच्या फुलांच्या टोपलीतून तो जप्त झाला. असे लेप मी कचऱ्यात टाकते. कचऱ्याची कसली आली चोरी? दगडाला ओरखडाही नाही.

लेप आत्ता साहेबांच्या टेबलावर आहे. त्याच्या आतल्या बाजूला पंजा पूर्ण उतरला आहे, अर्ध्या करंगळीसकट. बाहेर बाकावर बसलेल्या सत्यभामाबाई मला म्हणाल्या, "दगडावर पाठमोरा होता वं, बाई. आता सामोरा झाला." ते खरे आहे. हात ठेवला तर तळव्याला तळवा लागेल. मी ठेवला नाही. मला भीती वाटली. लेपावर ठेवलेली फाईल कृपया काढावी.

माझी तक्रार नाही. लेप बाईंना परत द्यावा.

दगड साफ झाला काय, असे विचारल्यावरून सांगते की, काल झाला होता. आज येण्यापूर्वी पाहिले, तर पंजा पुन्हा फिकट वर आला आहे. खोल मुरलेले तेल असे वर येते, त्यात नवल नाही. दुसरा लेप द्यावा लागतो. माती कालवून ठेवली आहे. हात धजत नाही.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखविला, मी तो ऐकला. सांगितला तसाच लिहिला आहे.